थर्मोस्टॅटवरची किल्ली

घर तापवणारी भट्टी तपासायला गेलात की पहिलं काम म्हणजे गाडीची किल्ली थर्मोस्टॅटवर, भिंतीवरच्या तिच्या खटक्याच्या डबीवर, अडकवायची. बाकीचं सगळं त्यानंतर. हे मी तेवीस वर्षं शिकवत आलोय. दर मार्चमध्ये डुलुथच्या कॉलेजात घर तपासनिसांचा वर्ग भरतो. पंधरा-वीस दाढीमिशीवाले बाप्ये वह्या उघडून बसतात आणि मी त्यांना सांगतो, बाबांनो, तुम्ही परक्याच्या घरातली भट्टी चालू करणार, बंद करणार, उघडून बघणार. निघताना ती होती तशी लावायची राहिली, तर आमच्याकडच्या हिवाळ्यात घर दोन दिवस टिकणार नाही. आणि तुम्ही विसरणारच, कारण माणूस विसरतो. म्हणून किल्ली तिथं अडकवा. किल्ली घ्यायला थर्मोस्टॅटपाशी यावंच लागतं, आणि आलं की खटका दिसतोच. एवढ्याशा युक्तीवर वर्ग हसायचा, मीही हसायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असा मी एक.

माझं नाव लेन कोबाल. मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात, एव्हलेथ गावात राहतो. कुणी घर घ्यायला निघालं की व्यवहार पक्का व्हायच्या आधी मला बोलावतात. मी छपरापासून तळघरापर्यंत सगळं बघतो आणि अहवाल लिहितो. एसीचं आमच्याकडे काही कौतुक नाही, तीन आठवड्यांचा पाहुणा तो. जानेवारीत तर तो तपासायचाही नसतो; गारठ्यात चालवला की मशीन मरतं, म्हणून 'थंडीमुळे चालवून पाहिला नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. भट्टीच्या बाबतीत अशी सूट नाही. तळघरातली गॅसची भट्टी हा आमच्या घरांचा जीव. ती थांबली की आधी माणसं पळतात आणि मग नळ फुटतात.

माझा अहवाल सोपा असतो. वस्तू काय आहे, तिचं काय बिघडलंय, त्यानं पुढे काय होईल, आता काय करावं. चार वाक्यं, शाळेतल्या पोराला कळतील अशी. एक मात्र आहे. बरं असेल ते लिहायची आमच्यात पद्धत नाही. 'भट्टी छान चालते' असं लिहिलं आणि पुढच्या महिन्यात ती बसली, तर तेच वाक्य घेऊन लोक वकिलाकडे जातात. म्हणून आम्ही वाईट तेवढं लिहितो, बरं पोटात ठेवतो. मला यात कधी काही गैर वाटलं नव्हतं.

रेनो कांगासचा फोन आला तो तपासणीच्या आदल्या दिवशी. रेनो माझ्या बापाबरोबर खाणीत होता. वय शहाऐंशी. नोव्हेंबरात खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मुलीनं, मार्लिसनं, त्याला वृद्धाश्रमात ठेवलं आणि घर विकायला काढलं. ते घर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, आयलीनं, हातानं बांधलेलं. अंगणातल्या सौनासकट, म्हणजे वाफारा घ्यायच्या खोलीसकट.

"कोबालचा पोरगा ना तू?" फोनवर म्हातारा ओरडला. आश्रमातल्या सगळ्यांना ऐकू गेलं असेल.

"पोरगा कसला, रेनो? एकसष्ट झालो मी."

"मग काय झालं! उद्या माझ्या घरी येतोयस म्हणे. माझी भट्टी जुनी आहे, बघूनच नाक मुरडू नकोस. आधी चालवून बघ, मग तोंड उघड."

"चालवल्याशिवाय कसा बोलेन?"

"आणि चांगली चालली तर चांगली चालली म्हणून लिही. मार्लिसला दाखवायचंय मला. दहा वर्षं डोकं खातेय पोरगी, बदला म्हणून. मी म्हणतो, ती माझ्या मागं राहील."

"रेनो, बरं लिहायचा रकानाच नसतो आमच्यात."

"मग कसला रे तुमचा अहवाल? नुसतं रडगाणं!" आणि त्यानं फोन ठेवून दिला. मला हसू आलं.

मंगळवारी सकाळी पारा शून्याखाली अठ्ठावीस. घर रिकामंच होतं, पण तपासणीसाठी पाणी चालू ठेवलेलं. घरांची दलाली करणारी जोलीन हॉल्व्हरसन दार उघडून स्वयंपाकघरात फोनवर बसली. मी शिरस्त्याप्रमाणे घराच्या आतल्या बोळात भिंतीवरच्या जुन्या गोल थर्मोस्टॅटवर गाडीची किल्ली अडकवली आणि तळघरात उतरलो.

आता खरं सांगतो. तशी भट्टी मी आयुष्यात चार-पाचदाच पाहिली असेल. छत्तीस वर्षांची, पण जाळ निळा, स्थिर, कुठं पिवळी जीभ नाही. खाली सिमेंटचा वीतभर उंच ओटा, तळघरात कधी पाणी आलंच तर तिचे पाय भिजू नयेत म्हणून रेनोनं स्वतः घातलेला. आणि तिच्या पत्र्यावर पेन्सिलीनं तारखा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फिल्टर बदलला की एक तारीख. वरच्या ओळी गोल वळणदार अक्षरात, त्या आयलीच्या. एके ठिकाणी अक्षर बदलतं आणि पुढे रेनोचे उभे आडवे आकडे. शेवटची तारीख एक नोव्हेंबरची. मग अर्धा तास भट्टी चालवली, जाणारी-येणारी हवा मोजली, वर जाऊन खटका बंद केला, खाली येऊन झाकण काढलं, विजेरी आणि आरसा घालून आतली पेटी बघितली. पेटीला तडा गेला की विषारी वायू घरात शिरतो, म्हणून हे बघायचंच असतं. एक केसाएवढीसुद्धा भेग नव्हती. झाकण लावलं. आता वर जाऊन खटका चालू करायचा एवढंच राहिलं होतं.

"लेन! अरे लेन! बर्फ काढायची गाडी आलीय. तुझ्या गाडीचं धूड मधेच उभं आहे, तो माणूस शिव्या देतोय!" जोलीन जिन्यावरून ओरडली.

मी धावत वर गेलो, थर्मोस्टॅटवरची किल्ली ओढली आणि बाहेर पळालो. गाडी काढली. बर्फवाल्याशी दोन शब्द बोललो, त्याचा भाऊ माझ्या वर्गात होता. परत आलो तो थेट माळ्यावर, मग न्हाणीघर, मग खिडक्या. किल्ली खिशात होती. खिशात किल्ली म्हणजे काम झालं, हे माझ्या हाडात इतकं मुरलंय की डोक्यानं पुन्हा विचारलंच नाही. घर अजून उबदार होतं. कोट चढवला, जोलीनला हात केला आणि निघालो.

संध्याकाळी अहवाल लिहिला. पान चौदा. 'भट्टी गॅसची, छत्तीस वर्षांची. अपेक्षित आयुष्य संपले असून कधीही बंद पडू शकते. हिवाळ्यात बंद पडल्यास नळ गोठून फुटतील व घराचे मोठे नुकसान होईल. बदलून घ्यावी.' चार वाक्यं, नेहमीसारखी. खाली छापील ओळ, 'थर्मोस्टॅट पूर्वस्थितीत ठेवला', आणि तिच्यापुढे 'होय'. ते 'होय' आधीपासूनच तिथं असतं. तेवीस वर्षांत ते 'नाही' करायची वेळ आली नव्हती. निळ्या जाळाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी जेवत होतो, तेवढ्यात जोलीनचा फोन.

"लेन, तू ज्योतिषी आहेस की काय रे? कांगासची भट्टी गेली. अगदी तू लिहिलंस तस्संच!"

भट्टी गेली नाही, हे मला त्याच क्षणी कळलं. बोळ डोळ्यांपुढे आला, किल्ली ओढणारा माझा हात दिसला, आणि त्याच्यानंतर काहीच दिसेना.

गेलो. वरच्या न्हाणीघरातला नळ फुटून दोन दिवस पाणी वाहिलं होतं. स्वयंपाकघराचं छत खाली आलेलं, आयलीची कपाटं फुगून दारं सुटलेली, जिन्यावर पायरी न पायरी बर्फ. जोलीननं पाणी बंद केलं होतं, वीज मात्र चालू होती. मार्लिस शाळेत माझ्या दोन वर्षं मागं होती. ती कोट-टोपी घालून त्या चिखलात उभी राहून विमा कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलत होती. तो डुलुथमध्ये अडकलेला, वादळानं रस्ते बंद.

"हो, तपासनिसानं तीन दिवस आधी लेखी दिलंय. पान चौदा. वाचून दाखवू?" मार्लिस मला बघून म्हणाली, "आलाच बघा तो," आणि पुन्हा फोनमध्ये, "नाही, नाही, माझे वडील ऐकतच नाहीत कुणाचं. दहा वर्षं सांगतेय."

मी बोळात गेलो. खटका बंदवर होता. अगदी जसा मी मंगळवारी सोडला तसा.

मी तो सरकवला. का सरकवला ते आजही सांगता येत नाही. बहुतेक मनात एक चोर होता, त्याला वाटत होतं भट्टी खरंच मेलेली निघावी, आणि मी सुटावं. खाली टक् झालं. मग गॅसची फुस्स, मग तो ओळखीचा भप्प आवाज, आणि पंखा फिरायला लागला. तळघरात पाणी उतरलं असेलच, पण ओट्यावर तिचे पाय कोरडे राहिले होते. तीन दिवस गोठून पडलेली म्हातारी पहिल्या हाकेला उठली.

"कसला आवाज रे तो?" मार्लिसनं स्वयंपाकघरातून विचारलं.

माझ्या हातानं खटका मागं सरकवला. मी सरकवला. हाताला दोष देऊन काय उपयोग?

"काही नाही," मी म्हणालो. "बर्फ पडला छपरावरून."

एक वाक्य बोलायचं होतं. 'मार्लिस, इकडे ये, ऐक, ही चालू आहे, मी बंद ठेवून गेलो.' तेवढं मला जमलं नाही. माझं नाव, माझा वर्ग, तेवीस वर्षं, असलं काहीतरी आडवं आलं. विमावाल्यानं फोटो आणि माझं पान चौदा बघून फोनवरच निकाल दिला: भट्टी जुनी होती, बंद पडली. तज्ज्ञानं आधीच लिहून दिल्यावर तो तरी कशाला तंगडतोड करेल?

घर घेणारं जोडपं मागं फिरलं. घर आतून खरवडून काढलं गेलं आणि पुढच्याच आठवड्यात भट्टी भंगारात गेली, तारखांसकट. जोलीन मात्र गावभर माझे पोवाडे गात होती. "लेननं सांगितलेलं ऐकलं नाही की काय होतं, विचारा कांगासना." कुणी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली तरी मला वाटायचं, याला कळलंय. चोराच्या मनात चांदणं. पण कुणालाच काही कळलेलं नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

तीन आठवड्यांनी वाण्याच्या दुकानात मार्लिस भेटली. "बाबा जेवत नाहीयेत," ती म्हणाली. "सारखं एकच म्हणतात, आयलीचं घर मी बुडवलं. मी रागात बोलून गेले होते रे तसं, पहिल्या दिवशी. आता उलट सांगते तर ऐकत नाहीत."

मी सामानाची टोपली तिथंच ठेवली आणि थेट आश्रमात गेलो.

रेनो खिडकीपाशी खुर्चीत होता. अर्धा झालेला. शेजारच्या ताटातला पाव कुणी हात न लावल्यानं कडक झाला होता.

"ये पोरा," तो म्हणाला. आवाजातला तो खाणीतला ओरडा गेला होता. "तूच खरा ठरलास. मी म्हातारा हट्टाला पेटलो आणि आयलीचं घर पाण्यात घालवलं."

"रेनो, भट्टी बिघडली नव्हती."

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मी बंद केली होती. आत बघायला. परत चालू करायची राहिली. माझ्या हातून झालंय हे, तुमच्या नाही. भट्टी उत्तम होती. जाळ निळा होता."

एवढं बोलून मला हलकं वाटायला हवं होतं. पण रेनोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझा हात धरला.

"तुझा बाप असाच होता," तो म्हणाला. "बासष्ट साली माझ्या हातून यंत्र अडकलं, सगळी पाळी बंद पडली. फोरमन आला तर तुझा बाप पुढं झाला, म्हणाला, मी केलं. मला घरी लहान लेकरू होतं ना, मार्लिसचा मोठा भाऊ, म्हणून. कोबालांची खोडच ती."

"मी तसं करत नाहीये! रेनो, खरं सांगतोय मी."

"खरं?" त्यानं खण उघडला. माझा अहवाल होता त्यात, मार्लिसनं मोठ्या अक्षरांत छापून दिलेला, पान चौदाचा कोपरा दुमडलेला. त्यानं बोटानं ओळ दाखवली. "वाच. थर्मोस्टॅट पूर्वस्थितीत ठेवला. होय. कुणी लिहिलंय हे?"

"ते छापील असतं. आधीच असतं तिथं."

"पडवीतला दिवा गेलाय, हे लिहिलंस. मोरीच्या खिडकीला वीतभर तडा, लिहिलंस. जिन्याची तिसरी पायरी वाजते, तेसुद्धा. असला माणूस भट्टी विसरतो होय? कुणाला शेंड्या लावतोस?"

"त्या शुक्रवारी मी चालू करून बघितली. पहिल्या झटक्यात पेटली!"

"मग मार्लिस तिथंच होती ना? तिला का नाही बोलावलंस?"

काय सांगणार होतो? की भ्यालो? की खटका परत मागं केला आणि बर्फ पडला म्हणालो? तेही सांगितलं मी शेवटी, जमिनीकडे बघत, एकेक शब्द.

रेनो हसला. कितीतरी दिवसांनी हसला असावा. "खोटं बोलायलाही डोकं लागतं, पोरा. असं कुणी करतं का? तू तर मुळीच नाही करणार." मग अहवाल नीट घडी घालून खणात ठेवला. "ती चांगली चालत असती तर तू लिहिलं नसतंस का? मी तुला फोन करून मागितलं होतं. तू लिहिलं नाहीस, तेव्हाच मी समजलो."

"लिहायचा रकाना नव्हता, रेनो."

"म्हणून आता तोंडी भरायला आलायस. बरा आहेस तू. जा, गाडी सावकाश चालव, रस्ते निसरडे आहेत."

मी आणखी कितीतरी बोललो. हातापाया पडायचा बाकी राहिलो. दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं. भट्टी भंगारात, घर उघडं पडलेलं, आणि माझ्या विरुद्ध माझाच कागद. तेवीस वर्षं मी एकेक नेमका शब्द लिहून जे नाव कमावलं होतं, त्यानंच माझं तोंड बंद केलं.

त्या रात्री मी पहिल्यांदा एका अहवालाला दुरुस्ती जोडली. 'होय' खोडून 'नाही' केलं, 'भट्टी उत्तम चालत होती' असं लिहिलं आणि जोलीनला धाडलं. सकाळी तिचा फोन आला. "म्हाताऱ्यासाठी करतोयस, कळतंय मला. पण फाइल मिटलीय, लेन. उगीच हात दाखवून अवलक्षण करू नकोस." तिनं ते पुढं कुणाला पाठवलं नाही.

रेनो मार्चच्या पहिल्या तारखेला गेला. फिल्टर बदलायचा दिवस. माती दिल्यावर चर्चच्या तळघरात नेहमीचं जेवण होतं, हॅमचे पाव, बटाट्याचं हॉटडिश, मोठ्या किटलीत कॉफी. मार्लिस स्वतः किटली घेऊन टेबलं फिरत होती. ती माझ्याजवळ आली तेव्हा मी उभा राहिलो.

"मार्लिस, तुला एक सांगायचंय. ती भट्टी बंद पडली नव्हती. मी ती चालू करायला विसरलो. तुझ्या बाबांचा काही दोष नव्हता."

तिचे डोळे भरून आले. किटली टेबलावर टेकवून तिनं माझा दंड दाबला.

"बाबा सांगून गेलेत मला. म्हणाले, कोबालचा पोरगा येईल, असं असं सांगेल, त्याच्याशी वाद घालू नकोस. हो म्हण आणि कॉफी दे."

"मार्लिस, अगं पण—"

"हो," ती म्हणाली, आणि माझ्या कपात कॉफी ओतली.